चपलेचा सातबारा कोणाच्या नांवें?

शेतकरी बंधूंनो, कसणाऱ्याचें नांव सातबाऱ्यावर नसलें म्हणजे त्याची काय गत होते, हें आम्हीं तुम्हांस सांगावयास नको. पिढ्यान् पिढ्या घाम गाळणारें कूळ उघड्यावर पडतें, आणि कागदावर ज्याचें नांव तो धनी ठरतो. आज तोच प्रसंग आपल्या चर्मकार बांधवांच्या कोल्हापुरी चपलेवर आला आहे.

जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या धनाढ्य कंपनीनें कोल्हापुरी घाटाचीं पायताणें आपल्या प्रदर्शनांत मांडलीं. कोल्हापूरचें नांव मात्र घेतलें नाहीं. इकडे बोभाटा झाला तेव्हां कंपनीनें कबुली दिली. कांहीं वकिलांनीं मुंबई हायकोर्टांत अर्ज केला. जुलैमध्यें कोर्टानें तो फेटाळला. ज्यांच्या नांवें चपलेची नोंद आहे त्यांनीं दाद मागावी, तिऱ्हाइतानें नव्हे, असा निकालाचा मथितार्थ.

मग ही नोंद कोणाच्या नांवें आहे? १९९९ च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखालीं २०१८-१९ सालीं ती झाली, ती महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नांवें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगांव, विजापूर, बागलकोट, धारवाड हे आठ जिल्हे तींत येतात. शिवाय हा कायदा नांवाचें रक्षण करतो, घाटाचें नव्हे. आणि तेंही देशाच्या हद्दींतच. म्हणून नांव न घेतां नमुना उचलणारा परदेशीं मोकळा सुटतो.

डिसेंबर २०२५ मध्यें त्याच कंपनीनें दोन्ही महामंडळांशीं करार केला. येथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यावयाचे, आणि एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो, असें जाहीर झालें. करार झाला हें बरें झालें. परंतु सही महामंडळाची, शिक्का कंपनीचा, आणि आरी चालवून ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याच्या पदरांत काय? जोडामागें कारागिराची मजुरी किती, हें महामंडळांनीं उघड छापून सांगावें, अशी आमची मागणी आहे.

पण सरकारच्या तोंडाकडे पाहत बसणें हाही आपला जुनाच रोग. त्याच कायद्यांत एक वाट आहे. खऱ्या कारागिरानें चेन्नईच्या कचेरींत 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचें नांव नोंदवावें. अर्जाची फी २०२० सालीं ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली आहे. नोंद दहा वर्षें चालते, पुढें नवी करतां येते. आणि असा नोंदलेला कारागीर नकली मालाविरुद्ध स्वतः कोर्टांत उभा राहूं शकतो. रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकणारे आपल्याच बाजारांत बसले आहेत. त्यांच्यासाठीं मिलानला जावयास नको.

पैठणी विणणारा, कोल्हापुरी गुळाचा गुऱ्हाळवाला, आजऱ्याचा घनसाळ पिकविणारा, यांच्या मालाचीही अशीच नोंद आहे. त्यांनींही हेंच करावें. गांवोगांवच्या शिकलेल्या मुलांनीं चार दिवस खर्चून घरोघर हे अर्ज भरून द्यावे. अक्षर येत नव्हतें म्हणून आपल्या वाडवडिलांनीं अंगठे उठवून जमिनी घालविल्या. आज अक्षर घरांत आलें आहे. आतां दहा रुपयांच्या आळसापायीं हातचें कसब दुसऱ्याच्या नांवें गेलें, तर बोल कोणाला लावणार?