कळसूबाई आणि ‘सर’ हा शब्द

परवा भाच्यानं सगळ्या नातेवाइकांना माझा एक फोटो पाठवला. खाली ओळ : ‘मावशीने कळसूबाई सर केली!’ झालं, अभिनंदनाचे फोन सुरू. म्हणून हा खुलासा.

एक तर मी वर पोचलेच नाही. शेवटच्या शिडीच्या खाली विहीर आहे, तिथून परत फिरले. दुसरं म्हणजे तो ‘सर’ शब्द. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला खरं तर तोच जास्त खुपला.

सर करतात तो किल्ला. आत शत्रू असतो, लढाई होते. कळसूबाईवर ना तट, ना बुरूज. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि माथ्यावर एक छोटंसं देऊळ. पायथ्याच्या बारी गावातली माणसं ‘देवीला जाऊन येतो’ म्हणतात. कथाही सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाकडे कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस पाहुणे आले, अट मोडली, तिला भांडी घासायला लावली. ती उठली आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. माणसांचा जाच नको म्हणून जी एवढ्या उंचावर गेली, तिच्यावर आपण विजय मिळवायला निघतो! असो.

पहाटे निघालो. शेतं संपली की चढ लागतो तो लागतोच. लोखंडी शिड्या कठडा धरून, पायऱ्या मोजत चढले. (या शिड्यांना नाकं मुरडणारे ट्रेकर भेटतात. माझ्यामागून नारळाची पिशवी घेऊन येणाऱ्या बाईंनी काही मुरडलं नाही.) विहिरीपाशी टेकले तेव्हा उजवा गुडघा थरथरत होता. देऊळ हाकेच्या अंतरावर. रविवार, त्यामुळे शिडीवर ही रांग! एक मुलगा म्हणाला, ‘‘आजी, इतकं आलात, आता काय सोडता?’’

प्रेमानंच म्हणाला बिचारा. पण चढायला दम लागतो, उतरायला गुडघे, आणि माझ्याकडे गुडघे उतरण्यापुरतेच उरले होते. वर जाऊन अडले असते तर गावातल्या चार पोरांनी मला उचलून आणायचं, हे कुठलं शौर्य?

वाईट वाटलं का? वाटलं, अजूनही वाटतं. अर्ध्या उत्तराला अर्धेच गुण, हे वर्गात मीच तर सांगत आले! आता वाटतं, मुलांना डोंगरावर नेताना घरूनच ठरवावं : अमुक वाजता जिथे असू तिथून मागे. मग माथा दहा पावलांवर असला तरी. आणि मोठ्यांनी एकदा तरी त्यांच्यासमोर खरंच मागे फिरून दाखवावं. माझ्या भाच्यानं ते पाहिलं, तरी ओळ लिहिली ती तीच!

रात्री धाकट्या बहिणीचा फोन. ‘‘दर्शन झालं का गं?’’

‘‘नाही. खालूनच हात जोडले.’’

‘‘बरं केलंस. गुडघ्याला काय लावलंयस?’’