पहिली नोकरी आणि पहिले प्रश्न

घरातील मुलगा अथवा मुलगी पदवी घेऊन पहिली नोकरी शोधू लागली म्हणजे वडील माणसांच्या तोंडून दोन प्रश्न हटकून निघतात: पगार किती, आणि नोकरी कायमची आहे ना? या प्रश्नांनी आजवर पुष्कळ संसार सावरले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु वाणिज्य अथवा व्यवस्थापन शाखेचा हल्लीचा पदवीधर तिसराच प्रश्न पुढे करतो: तेथे मला शिकावयास काय मिळेल, आणि दोन वर्षांनी त्या शिक्षणाच्या बळावर मी कोठे जाऊ शकेन? वडिलांस यात चंचलपणा दिसतो. आम्हांस यात एक हिशेब दिसतो, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे.

मुळा व पवना यांच्या संगमालगतची सांगवीच घ्या. एके बाजूस पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखाने, दुसऱ्या बाजूस हिंजवडीच्या संगणक-कंपन्या. या परिसरातील कित्येक कुटुंबांची घडी कारखान्याच्या भोंग्यावर बसली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पुढे बजाज व टेल्को यांचे कारखाने उभे राहिले. हजेरीपटावर एकदा नाव चढले म्हणजे निवृत्तीपर्यंतची चिंता मिटे. घराचे कर्ज, मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, सारे त्या एका नावावर निभावे. कामगाराने निष्ठा द्यावी आणि मालकाने स्थैर्य द्यावे, हा करार कोणी लिहिला नव्हता. तरी दोन्ही पक्ष तो पाळीत.

हा करार तरुणांनी मोडला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. २००७ साली बजाजने आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबविले. ज्या सरकारी कारखान्याचे पेनिसिलिन देशभर जाई, त्याची देणी भागविण्यासाठी रिकामी जमीन विकण्यास २०१६ साली केंद्र सरकारला मान्यता द्यावी लागली. २०१८ पासून ठराविक मुदतीच्या नेमणुकीची वाट सर्वच उद्योगांस मोकळी झाली. हे सर्व ज्यांनी आपल्याच घरात वा शेजारी पाहिले, त्यांनी ‘कायम’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवावा, ही अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटते. नोकरी जाऊ शकते, शिकलेले काम जात नाही, हा धडा त्यांस वडिलांच्याच अनुभवाने दिला आहे.

तथापि या नव्या हिशेबातही दोन चुका राहून जातात. पहिली चूक ‘पॅकेज’ या शब्दाची. वर्षाचा जो मोठा आकडा सांगितला जातो, त्यात बहुधा भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम व उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तरतूद मिळविलेली असते. कायम नोकरास उपदानाचा हक्क सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. जो दोन वर्षांत सोडून जाण्याचे ठरवितो, त्याच्या आकड्यातील तो भाग त्याच्या हाती पडणारच नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी मुदतीच्या नोकरास एका वर्षानंतर उपदानाचा हक्क दिला आणि लेखी नेमणूकपत्र बंधनकारक केले. तेव्हा होकार कळविण्यापूर्वी नेमणूक कोणत्या प्रकारची आहे, आणि दरमहा हाती काय येणार, हे कागदावर पाहून घ्यावे. यात संकोचाचे काही कारण नाही.

दुसरी चूक घाईची. वाणिज्याच्या कामास एप्रिल ते मार्च असे स्वतःचे ऋतुचक्र असते. मालाची मोजदाद, महिन्यामहिन्याचा हिशेब, दसरा-दिवाळीची विक्री, वर्षअखेरीचा ताळेबंद आणि त्यानंतरची हिशेब-तपासणी, हे सारे एकदा तरी आपल्या हाताखालून गेले पाहिजे. सातव्या महिन्यात दुसरीकडे गेलेल्या माणसाने काम पाहिले खरे. परंतु ज्या खात्यात त्याने आकडे भरले, त्यांचे पुढे काय झाले हे त्याने पाहिले नाही. पुढील मुलाखतीत नेमके हेच विचारले जाते. म्हणून निदान एक संपूर्ण वर्ष, शक्य तर दोन, एका जागी काढावीत, असे आम्ही सुचवितो. कंपनीवरील निष्ठेसाठी म्हणून नव्हे, स्वतःच्या शिक्षणासाठी.

मुलींच्या बाबतीत घरोघर आणखी एक प्रश्न असतो: परतावयास किती वाजतील? काळजी रास्त आहे, मात्र तिचे ओझे मुलीवर टाकणे रास्त नाही. रात्रपाळीस स्त्रीची संमती घ्यावी व तिच्या सुरक्षिततेची आणि ने-आणीची सोय मालकाने करावी, असा कायदाच आहे. प्रश्न विचारावयाचा तो कंपनीस. केवळ या भीतीपोटी चाकणची चांगली जागा नाकारून घराजवळ कारकुनी पत्करलेल्या मुलीचे नुकसान पहिल्या पगारात दिसत नाही. दहा वर्षांनी दिसते.

वडील मंडळींस आमची विनंती एवढीच की, चिरंजीव अथवा कन्या नेमणुकीची वार्ता घेऊन आली म्हणजे पगाराचा प्रश्न जरूर विचारावा. पण त्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: काम कोणाच्या हाताखाली करावयाचे, आणि तो माणूस शिकविणारा आहे काय? उत्तर समाधानकारक असेल, तर पगार थोडा कमी असला तरी मुलास अडवू नये. उत्तर ठाऊकच नसेल, तर ते शोधून आणण्यास त्यास पुन्हा पाठवावे.