विश्लेषण : महामार्ग चकाचक, तरी वाशिममध्ये शेवटचे पाच किलोमीटर अवघड का?

‘समृद्धी’वरून जाणारी कार वाशिम जिल्ह्यातील सुमारे ९७ किलोमीटरचे अंतर तासाच्या आत ओलांडते. त्याच महामार्गाच्या पुलाखालून एखाद्या खेड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर मात्र पावसाळ्यात पाच किलोमीटरला अर्धा तास लागू शकतो. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातून मोठे रस्ते झाले, यात वाद नाही. पण वाशिमकराचा रोजचा प्रवास महामार्गावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच मातीवर, एकाच पावसात रस्त्यांची अवस्था इतकी वेगळी का, याचा हा आढावा.

वाशिम शहरातून निघणारे रस्ते कसे आहेत?

शहरातून बाहेर पडणारे प्रमुख रस्ते पाच. मालेगाव-पातूरमार्गे अकोला, कनेरगाव नाकामार्गे हिंगोली, रिठदमार्गे रिसोड, अनसिंगमार्गे पुसद आणि मंगरूळपीरमार्गे कारंजा. यांपैकी अकोला आणि हिंगोली या दोन्ही दिशांचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोल्याहून निघून वाशिम, हिंगोली, नांदेड असा तो तेलंगणातील संगारेड्डीला हैदराबादच्या महामार्गाला मिळतो. अकोला ते मेडशी, मेडशी ते वाशिम, वाशिम ते पांगरे अशा टप्प्यांत त्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले.

जुन्या दुपदरी रस्त्यावर पातूरचा घाट, समोरून येणारे ट्रक आणि मागे लागलेली रांग हे अकोल्याच्या प्रवासाचे नेहमीचे चित्र होते. वाशिम ते अकोला अंतर सुमारे ८० किलोमीटर असले तरी निघताना ‘किती वेळ लागेल’ याचे उत्तर कुणी छातीठोकपणे देत नसे. चौपदरी रस्त्याने हा अंदाज बांधणे सोपे केले. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण हलवणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही.

रिसोड, पुसद आणि मंगरूळपीरच्या दिशेला निघाले की अनुभव बदलतो. इथे रस्ता शेतातून आणि गावांमधून जातो. बसथांबा, शाळा, आठवडी बाजार, रस्त्याकडेला उभी ट्रॅक्टर-ट्रॉली हे सगळे त्याच पट्ट्यात. रात्री रोह्यांचा कळप अचानक आडवा येतो, तो वेगळाच. या रस्त्यांवर वेग कमी असतो, पण जिल्ह्यातील माणसांची खरी वर्दळ इथेच असते.

हे काम होताना वाद झाले होते का?

झाले होते. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून वाशिम जिल्ह्यातील महामार्गांची कामे स्थानिक राजकीय कार्यकर्त्यांकडून अडवली जात असल्याची तक्रार केली होती. हे पत्र जाहीर झाले आणि एरवी बातम्यांत क्वचित येणारा वाशिम जिल्हा राज्यभर चर्चेत आला. मोठ्या रस्त्याचे काम अडले की केंद्रीय मंत्री पत्र लिहितात. गावरस्त्याचे काम अडले, तर त्यासाठी पत्र लिहिणारा बहुतेक वेळा सरपंच असतो. दोन्ही रस्त्यांमधला फरक इथूनच सुरू होतो.

‘समृद्धी’ जिल्ह्याच्या किती कामाची?

नागपूर ते मुंबईजवळील आमणे असा हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वाशिम जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव इथून त्यावर चढता-उतरता येते. वाशिम शहर थेट या महामार्गावर नाही. शहरातून मालेगावपर्यंतचे सुमारे २० किलोमीटर आधी कापावे लागतात.

फायदा नक्कीच आहे. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याचा वेळ घटला. शेतमाल, भाजीपाला दूरच्या बाजारात पाठवणाऱ्यांना सोय झाली. पण ‘समृद्धी’वर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर ती असायलाच हवी. मात्र २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात १०० पैकी ८२ माणसे खेड्यांत राहतात. त्यांची वाहने मुख्यतः दुचाकी आणि ट्रॅक्टर हीच आहेत. म्हणजे जिल्ह्यातील सर्वांत चांगला रस्ता जिल्ह्यातील बहुतेक वाहनांसाठी नाही. त्यांच्या वाट्याला त्या रस्त्याखालचा बोगदा येतो.

याला समांतर असलेला कारंजा-शेलूबाजार-मालेगाव-मेहकर हा जुना नागपूर-औरंगाबाद मार्ग आजही स्थानिक वाहतुकीचा कणा आहे. लांब पल्ल्याची बरीच वाहने ‘समृद्धी’वर गेली, तरी एसटी, दुचाकी आणि बाजाराच्या गाड्या याच मार्गावर आहेत. त्यामुळे ‘समृद्धी’ झाली म्हणून या मार्गाच्या देखभालीचे महत्त्व कमी होत नाही.

एका जिल्ह्यात रस्त्यांचे मालक किती?

रस्त्याने जाताना आपल्याला डांबर दिसते, मालक दिसत नाही. ‘समृद्धी’ महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची. राष्ट्रीय महामार्ग काही ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. शहरातले रस्ते नगर परिषदेचे. शेतात जाणारी पाणंद महसूल, ग्रामपंचायत आणि रोजगार हमी यांच्या मध्ये कुठेतरी.

मालक बदलला की पैसा बदलतो. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राचा निधी आणि टोल असतो. देखभालीचा करार वर्षानुवर्षांचा असतो. जिल्हा परिषदेच्या रस्त्याला बहुतांशी जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर अवलंबून राहावे लागते. दुरुस्तीसाठी ‘३०५४’ आणि नव्या कामासाठी ‘५०५४’ ही लेखाशीर्षे गावोगावच्या सदस्यांना तोंडपाठ असतात, ती याच कारणाने. मागणी सर्व गावांची, निधी मोजका. मग प्रत्येकाला थोडे-थोडे द्यावे लागते. पाच किलोमीटरच्या रस्त्यात एका वर्षी एक किलोमीटर डांबरीकरण, पुढच्या वर्षी दुसरीकडे पाचशे मीटर खडीकरण. शेवटचा तुकडा होईपर्यंत पहिला उखडलेला असतो.

काळी माती रस्ता का खाते?

जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी चिकण माती आहे. सोयाबीन आणि कपाशीला ती जितकी चांगली, तितकीच रस्त्याला वाईट. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. दर वर्षी हे चक्र होते आणि वरचा रस्ता त्यासोबत वर-खाली होतो. पाणी बहुधा कडेने शिरते. म्हणून आधी साइडपट्टी खचते, मग डांबराची कड तुटते आणि शेवटी मधोमध खड्डा पडतो. खड्डा हा आजाराचा शेवट आहे, सुरुवात नाही. त्यात मुरूम टाकून वर डांबराचा थर दिला, तरी पुढच्या पावसात तो तिथेच पुन्हा पडतो.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. काळ्या मातीचा थर काढून मुरुमाचा भराव देणे, मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे, खाली पाणी निचरणारा खडीचा थर देणे, रस्ता आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच ठेवणे आणि दोन्ही बाजूंनी नाली काढणे. महामार्गावर हे सगळे अंदाजपत्रकातच असते. गावरस्त्यावर पैसा कमी पडला की पहिली काट नालीवर येते, कारण नाली उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

जिल्ह्याची ठेवणही अशी की पाण्याला टाळता येत नाही. वाशिमचा प्रदेश गोदावरी आणि तापी खोऱ्यांच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला पूर्णेकडे जाते. अडाण, अरुणावती, पूस या नद्याही याच भागात उगम पावतात आणि त्यांचे पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. उगमाजवळ नद्या लहान, पण नाले अनेक. त्यामुळे गावरस्त्याला पावलोपावली मोरी किंवा पूल लागतो. पूल ठेंगणा असेल, तर एका जोरदार सरीत रस्ता बंद. रस्ता कितीही चांगला असो, मधला एक पूल बुडाला की त्या दिवशी तो शून्य किलोमीटरचा होतो.

गावरस्त्यावर भार किती पडतो?

रस्त्याच्या अभियांत्रिकीत एक ठोकताळा आहे. चाकांच्या आसावरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार २० टक्के वाढला तर नुकसान जवळपास दुप्पट, आणि भार दुप्पट झाला तर नुकसान १६ पट. गावरस्ता हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला असतो. त्यावरून भरलेला टिपर गेला की एका फेरीत तो शेकडो दुचाकींपेक्षा जास्त झीज करतो. ‘समृद्धी’चे काम सुरू असताना माती-मुरूम वाहणाऱ्या टिपरमुळे आसपासचे रस्ते खचल्याच्या तक्रारी याच कारणाने झाल्या. मोठा रस्ता उभा राहताना लहान रस्त्याने त्याचा भार वाहिला. त्या लहान रस्त्याची दुरुस्ती मूळ प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवी, हा धडा पुढच्या प्रत्येक प्रकल्पासाठी आहे.

शेतरस्त्यांचे काय?

सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस हे दोन्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. पाणंद चिखलाने बंद झाली की मळणीयंत्र शेतात जात नाही आणि माल बाहेर येत नाही. सुडी भिजते. सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा भरला की बाजारात दर कापला जातो. शेतकरी ज्याला ‘भाव पडला’ म्हणतो, त्यातला काही भाग प्रत्यक्षात रस्ता पडल्याचा असतो.

नोव्हेंबर २०२१मध्ये राज्याने रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पण पैशाआधी अडते ती जागा. बांध कोरलेला, वाट नांगरलेली, शेजाऱ्यांत भांडण. अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३खाली बांधावरून रस्ता मागण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेला रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५चा आधार आहे. पेरणी तोंडावर आल्यावर नव्हे, तर उन्हाळ्यातच हा अर्ज केला तर पावसाआधी काही होण्याची आशा असते.

तक्रार कुठे करायची?

आधी रस्ता कुणाचा हे शोधायचे. राष्ट्रीय महामार्गावर अपघात, बंद वाहन किंवा धोक्याची तक्रार असेल तर १०३३ हा क्रमांक आणि ‘राजमार्गयात्रा’ ॲप. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी ‘मेरी सडक’ ॲप. या योजनेत बांधलेल्या रस्त्याची पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदाराला बंधनकारक असते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. त्या फलकाचा फोटो तक्रारीसोबत जोडला तर ‘निधी नाही’ हे उत्तर देता येत नाही. राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम उपविभाग, ग्रामीण मार्गासाठी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. दाद लागली नाही, तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आणि माहितीचा अधिकार आहेच. माहिती अर्जात एकच प्रश्न पुरेसा आहे. या रस्त्याचा दोष-दायित्व कालावधी कधी संपतो?

पुढे काय पाहायचे?

वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. १९९८मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आता चौपदरी आणि सहापदरी रस्त्यांवर आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण गावातून १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येणार की रुग्णाला बैलगाडीतून तिथवर न्यावे लागणार, यावर त्या महाविद्यालयाचा उपयोग ठरतो. शाळेतली मुलगी दहावीनंतर तालुक्याला शिकायला जाणार की नाही, हे पावसाळ्यात एसटी गावात येते का यावर ठरते.

म्हणून जिल्ह्याच्या रस्त्यांचा हिशेब किती किलोमीटर महामार्ग झाले यावर थांबू नये. किती गावांचा रस्ता जून ते ऑक्टोबर एकही दिवस बंद राहिला नाही, हा आकडा दर वर्षी जिल्हा नियोजन समितीपुढे यायला हवा. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, आणि वाशिममध्ये ती कडी महामार्गावरून खाली उतरल्यावरच्या पहिल्या फाट्यावर आहे.