मंडळाची शकले झाली, परळीचा वाली कोण?

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ इतिहासजमा झाले. २००३ च्या विद्युत कायद्याच्या दंडकानुसार शासनाने त्याचे विभाजन केले. वीज निर्माण करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण, घरोघर विकणारी महावितरण आणि या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी! घाऊक आणि किरकोळ व्यवहार वेगळे केले की प्रत्येकाचा खर्च उघडा पडेल, असे तेव्हा सांगण्यात आले. तत्त्व म्हणून ते चूकही नव्हते; मंडळाच्या एकाच खातेवहीत गळती, चोरी आणि अनास्था सुखाने नांदत होती. परंतु वाटणी झाली ती वह्यांची. मालक तेच शासन राहिले, उत्तरदायित्व मात्र तीन दारांत विखुरले.

याचा प्रत्यय घ्यायचा तर बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे जावे. दुष्काळाने २०१३ आणि २०१५ साली येथील औष्णिक केंद्र बंद पाडले. तो निसर्गाचा कोप म्हणून सोडून देऊ. पण पाणी असतानाही संच थंड राहतात, त्याचे काय? महावितरण आधी स्वस्त वीज उचलते. क्रमवारी ठरते ती प्रतियुनिट इंधनखर्चावर. चंद्रपूरच्या केंद्राला खाणी उशाशी, परळीला कोळसा दुरून रेल्वेने आणावा लागतो. साहजिकच मागणी घटली की परळी मागे पडते. मात्र संच ‘उपलब्ध’ असल्याचे घोषित झाले की त्याचा स्थिर आकार महानिर्मितीला मिळतो आणि तो अखेरीस ग्राहकाच्याच देयकातून वसूल होतो. न वापरलेल्या विजेचे मोल बीडचा शेतकरीही मोजतो. आणि याच शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पिकाला पाणी दिले ते रात्रीच्या पाळीत, विंचूकाट्याची पर्वा न करता!

जाब विचारावा तर महानिर्मिती महावितरणच्या थकबाकीकडे बोट दाखवते, महावितरण कृषिपंपांच्या थकबाकीकडे, आणि शासन नियामक आयोगाकडे. एकत्र मंडळाच्या काळात शिव्या खायला निदान एक तरी धनी होता.

आता दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार पाहावा. तारा एकाच्या आणि त्यांवरून वीज विकणारे अनेक, ही कल्पना २०१४ आणि २०२२ च्या दुरुस्ती विधेयकांत मांडली गेली. समांतर वितरण परवान्याच्या प्रश्नावर ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी संपही केला. ब्रिटनने दूरध्वनीच्या क्षेत्रात असेच केले. ब्रिटिश टेलिकॉमच्या तारांचा कारभार २००६ साली ‘ओपनरीच’कडे सोपवला. पण तेथे नियामकाने कंपनीकडून बंधनकारक हमी आधी लिहून घेतली, विभाग नंतर उभा राहिला. आपल्याकडे आधी पाटी बदलते, हमीचे नंतर पाहू!

पहिल्या विभाजनाचा हिशेब दिल्यावाचून दुसऱ्याची भाषा शासनाने करू नये. परळीचा प्रत्येक संच वर्षात किती दिवस बंद राहिला, त्यापोटी किती स्थिर आकार दिला गेला, हे आयोगाने सामान्य ग्राहकाला उमजेल अशा मराठीत प्रसिद्ध करावे आणि त्यावरील जनसुनावणी मुंबईत नव्हे, परळीत घ्यावी.