म्हणे, साइन-कोसाइन कुणाला लागतं?

"दहावीनंतर साइन-कोसाइन कुणाला लागलंय हो?" लग्नाच्या पंगतीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारे चांगल्या पगारावर असतात आणि शेजारी दहावीतलं पोर कान टवकारून बसलेलं असतं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने यावर गप्प बसावं अशी अपेक्षा असेल, तर मंडळी, ती सोडा.

एकच उदाहरण घेतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या पोटात जी हिरवी पाटी असते, तो सर्किट बोर्ड. त्याचा आराखडा संगणकावर काढतात. त्यासाठी कीकॅड नावाचं सॉफ्टवेअर आहे. १९९२ साली फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं, पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही हातभार लावला. ते फुकट मिळतं. त्यात पायथॉन भाषेत चार ओळी लिहून आकृत्या मांडता येतात.

समजा, ६० दिव्यांचं वर्तुळाकार घड्याळ करायचंय. माऊसने एकेक दिवा ठेवत बसलात तर दिवस जाईल आणि वर्तुळाचा बटाटा होईल. स्क्रिप्टमध्ये मात्र ३६० भागिले ६०, म्हणजे दर ६ अंशांवर एक दिवा. क्ष म्हणजे त्रिज्या गुणिले कोसाइन, य म्हणजे त्रिज्या गुणिले साइन. झालं! हेच ते, कुणालाच न लागणारं गणित.

आता त्रिज्या किती घ्यायची? दिवा ५ मिमीचा चौरस असेल तर परीघ किमान ३०० मिमी हवा, म्हणजे त्रिज्या सुमारे ४७.७ मिमी. पण थांबा. हे माप दिव्याच्या मध्यापर्यंतचं धरलं, तर दिवा अडीच मिमी आतही येतो आणि आतले कोपरे एकमेकांत घुसतात. म्हणजे ४७.७ ही आतल्या कडेची त्रिज्या झाली आणि मध्य ५०.२ मिमीच्या पुढेच हवा. कोपरे घुसले तर सॉफ्टवेअर चूक दाखवील, पण आकडा आपणच काढायचा.

आणखी गंमत पुढे आहे. पडद्यावर य-अक्ष खाली वाढतो, त्यामुळे आपलं सूत्र दिवे घड्याळाच्या दिशेने मांडतं. दिवा फिरवण्याचा कोन मात्र उलट दिशेने मोजला जातो. चिन्ह बदललं नाही तर साठांपैकी फक्त दोन दिवे सरळ बसतात, बाकी तिरके नाहीतर उलटे. साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. आणि अंतर आत नॅनोमीटरमध्ये मोजलं जातं, १ मिमी म्हणजे १० लाख! नुसते ५२ लिहिलेत तर सगळे दिवे एका ठिपक्यावर गोळा. एकक लिहिलं नाही म्हणून मी अर्धा गुण कापायचो, तेव्हा पालक भांडायला यायचे. आता सांगा, गुण कापावा की नाही?

यावर हल्लीचं उत्तर तयार असतं, "एआयला सांगा, तो स्क्रिप्ट लिहून देतो." देतो ना! पण तिरके बसलेले दिवे पाहून "चिन्ह चुकलं" हे कुणी ओळखायचं? बोर्ड कारखान्यातून बनून आला की तांबं खोडरबराने पुसता येत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. पुस्तकात वर्षानुवर्षं तेच दीपगृह आणि तेच जहाज. मुलांना ते खरं वाटत नाही. मग उदाहरण बदला की! धडाच निरुपयोगी कसा ठरतो?

दुसरा टोमणा, "हे इंग्रजी शाळेतल्यांचं काम." अहो, साइन हा शब्दच आपल्या 'ज्या'वरून, अरबी-लॅटिनमधून वळसे घेत गेलाय. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ज्यांची सारणी श्लोकात बांधली. निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती मराठी माध्यमातही तीच आहे. पायथॉनचे मोजके इंग्रजी शब्द पोरं आठवड्यात उचलतात. त्यामागचं वर्तुळ कळायला मात्र वर्षं लागतात, आणि ते मराठीतून उत्तम कळतं.

तेव्हा नातेवाईक मंडळी, एक विनंती. "मला लागलं नाही" असं खुशाल म्हणा, खरं असेल ते. पण "लागतच नाही" असं दहावीतल्या मुलासमोर म्हणू नका. तुमच्या एका वाक्यावर ते वही मिटून टाकतं, आणि ती पुन्हा उघडायला तुम्ही जाणार नसता.

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा. फक्त एकक लिहून.