वेगळी पंगत : फ्रीमेसनांच्या वरच्या पदव्या आणि १८४५ ची मुंबई

१/
फ्रीमेसनरीविषयी मराठी समाजमाध्यमांवर दोनच चित्रे फिरतात. एकात ३३ व्या पदवीचे मूठभर लोक गुपचूप जग चालवतात. दुसऱ्यात जातिधर्मापलीकडचे विश्वबंधुत्व नांदते. दोन्ही चित्रे इतिहासाला न्याय देत नाहीत. या संस्थेची खरी कसोटी लॉजच्या दारात लागत नाही, ती दारापुढच्या जिन्यावर लागते. मुंबईचे एक विस्मृत प्रकरण ते दाखवून देते. #थ्रेड

२/
आधी रचना समजून घ्यावी. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉज एकत्र आले आणि पहिले ग्रँड लॉज अस्तित्वात आले. स्थानिक लॉजमध्ये पदव्या तीनच : एंटर्ड अ‍ॅप्रेंटिस म्हणजे उमेदवार, फेलोक्राफ्ट म्हणजे सहकारागीर आणि मास्टर मेसन म्हणजे पूर्ण कारागीर. नावे पाथरवटांच्या धंद्यातून घेतलेली आहेत. तिसरी पदवी मिळाली की सदस्यत्व पूर्ण होते.

३/
मग ३३ चा आकडा येतो कुठून? लॉजबाहेर रॉयल आर्च, मार्क, नाइट्स टेंप्लर अशा आणखी संस्था आहेत. ३३ पदव्यांची ‘राइट’ ही त्यांपैकीच एक. प्रत्येकीची घटना व पदाधिकारी स्वतंत्र असतात. ३३ व्या पदवीच्या मानकऱ्याला त्या पदवीच्या बळावर साध्या लॉजवर हुकूम चालवता येत नाही. १८१३ मध्ये इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाले, तेव्हाही मूळ मेसनरी तीन पदव्यांची, रॉयल आर्च त्यांतच धरलेले, असेच ठरले. जगावर राज्य करणारी ३३ वी पदवी ही कल्पना इथेच गळून पडते.

४/
परंतु घटनेतील स्थान आणि समाजातील किंमत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. १७२३ च्या अँडरसनकृत घटनेने सर्व माणसांना मान्य होईल एवढाच धर्म सदस्याकडून अपेक्षिला होता. नाइट्स टेंप्लरची पदवी मात्र ख्रिस्ती श्रद्धेशी बांधलेली होती. म्हणजे तळमजला सर्वांचा आणि वरची काही दालने एकाच धर्माची. इंग्लंडमध्ये ही विसंगती फारशी बोचली नाही. मुंबईत ती बोचणे अटळ होते.

५/
मुंबईचे माणकजी कर्सेटजी हे सुशिक्षित पारशी गृहस्थ. त्यांनी मुंबईच्या लॉज पर्सिव्हरन्सकडे प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. ते इंग्लंडला गेले; तिथेही निराशाच पदरी आली. अखेर पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. रीतसर फ्रीमेसन होऊन ते परतले, तरी मुंबईच्या त्या लॉजने त्यांना पुन्हा नकारच दिला. बंधू म्हणून मान्यता मिळाली ती पॅरिसमध्ये, आपल्या शहरात नव्हे.

६/
इथे डॉ. जेम्स बर्न्स यांचा प्रवेश होतो. कंपनी सरकारचे हे वैद्यकीय अधिकारी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या वतीने पश्चिम भारताचे प्रांतिक प्रमुख होते. १८४३ मध्ये त्यांनी ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन केले, तेच मुळी भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. याच शहरातील भायखळा क्लब १८३३ पासून चालू होता आणि त्यात भारतीयाला सदस्यत्व नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते. बर्न्सना त्याचे श्रेय निःसंकोचपणे द्यायला हवे.

७/
पण दार उघडले आणि जिन्याचा प्रश्न उभा राहिला. बर्न्स स्वतः टेंप्लर परंपरेचे निस्सीम अभ्यासक होते. १८३७ मध्ये त्यांनी नाइट्स टेंप्लरांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. पारशी व मुसलमान बंधूंना त्याच पदवीपर्यंत पोचता येत नव्हते. यावर त्यांनी १८४५ मध्ये तोडगा मांडला : ‘ब्रदरहुड ऑफ द ऑलिव्ह ब्रँच इन द ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडील ऑलिव्हशाखेचा बंधुसंघ.

८/
या संघाचे तीन वर्ग होते : नॉव्हिस, कंपॅनियन आणि ऑफिसर. पहिल्यासाठी मेसनरीची दीक्षा पुरेशी होती, दुसऱ्यासाठी मास्टर मेसन असणे आवश्यक होते. तिसऱ्यासाठी रॉयल आर्चची शिफारस होती, सक्ती नव्हती. चिन्ह होते चोचीत हिरवी ऑलिव्हची डहाळी घेऊन उतरणारे कबूतर. ख्रिस्ती नसलेल्या बंधूंना शौर्यपदव्यांच्या जागी काही मिळावे, हा उद्देश उघड होता. भारतातील नामवंत फ्रीमेसनांनी संघाचे उत्साहाने स्वागत केले. तरीही तो टिकला नाही.

९/
आपल्याकडे अशा व्यवस्थेला नाव आहे : वेगळी पंगत. ताट तेच, पक्वान्ने तीच, वाढपीही अदबीचा. फक्त बसायची जागा निराळी. यजमानाचा हेतू चांगला असेल, पण पंगत वेगळी मांडली गेली की पहिल्या पंगतीचा मान आपोआप वाढतो. ज्या सन्मानाची किंमतच मूळ सन्मान न मिळण्यातून ठरते, तो फार काळ कुणाला हवासा वाटत नाही. ऑलिव्हशाखा सुकली यात म्हणूनच नवल वाटायला नको.

१०/
यावर एक आक्षेप रास्त आहे. टेंप्लर पदवी स्वरूपानेच ख्रिस्ती. तिने इतरांना वगळले तर तो धर्माचा नियम झाला, वर्णद्वेष नव्हे. शिवाय ती ‘वरची’ नाही, केवळ ‘आणखी एक’ आहे. तत्त्वतः हे खरे. मात्र ती खरोखर केवळ ‘आणखी एक’ असती, तर बर्न्सना पर्याय घडवण्याची गरज पडली नसती. त्यांचा बंधुसंघ हीच त्या पदवीच्या सामाजिक वजनाची कबुली आहे. आणि १८४० च्या दशकातील मुंबईत धर्माची रेघ व सत्तेची रेघ बहुतांशी एकच होती.

११/
हिंदूंना तर तळमजल्यासाठीच झगडावे लागले. अनेक देव मानणाऱ्याची एका परमेश्वरावर श्रद्धा कशी, असा सवाल केला जाई. बंगालच्या प्रांतिक नियमांत, प्रांतप्रमुखाच्या परवानगीविना आशियाई व्यक्तीस दीक्षा देऊ नये, असे कलमच होते. कोलकात्याचे प्रसन्नकुमार दत्त १८६३ पासून झगडले आणि १८७२ मध्ये आत आले. एका दारासाठी नऊ वर्षे! पुढे १८८४ मध्ये त्याच शहरातील अँकर अँड होप लॉजमध्ये तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, यांनी दीक्षा घेतली.

१२/
हे सारे मुंबई-कोलकात्याचे, मराठवाड्याला त्याचे काय? पाचोड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत कुतुबशाही काळातील गोशामहल बारादरी १८७२ मध्येच फ्रीमेसनांच्या हाती आली. शिवाय पाचोड ज्या तालुक्यात येते, त्या पैठणला ‘प्रवेश कोण देणार’ हा प्रश्न परका नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. इंग्रजांचा जिना टीकेस पात्र आहेच. पण जिने बांधायला आपण त्यांच्याकडून शिकलो नाही.

१३/
त्याच दशकात मुंबईत आणखी एक गुप्त मंडळी जमत होती. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा सुरू झाली. तिथे ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे, हीच प्रवेशाची परीक्षा. म्हणजे तिने पंगतच मोडली. पण १८६० मध्ये सदस्यांची नावे फुटली आणि सभा कोसळली. लॉजच्या गुप्ततेला सत्तेचे कवच होते. परमहंस सभेच्या गुप्ततेमागे बहिष्काराचे भय होते. ‘गुप्त संस्था’ हा एकच शब्द दोघींना लावताना हा फरक विसरता येत नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज उघडपणे स्थापला, त्याचे धैर्यही याच पार्श्वभूमीवर नीट उमगते.

१४/
२४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या परंपरेत गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब व अवेस्ता हे पाचही धर्मग्रंथ मान्य आहेत. हा पल्ला लहान नव्हे. आणि माणकजी? त्यांनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा उभी केली. ज्या लॉजसाठी ते इतके झगडले, तिथे त्या मुलींना प्रवेश नव्हताच.

१५/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणतीही संस्था अभ्यासताना तिच्या प्रवेशद्वारावरील पाटी वाचून थांबू नये. मंडळ असो, विद्यापीठ असो, पक्ष असो. पहिल्या पायरीवर कोण दिसतो यापेक्षा शेवटच्या पायरीवर कोण पोचला, आणि न पोचलेल्यांसाठी कोणती वेगळी पंगत मांडली गेली, हे पाहावे. फ्रीमेसनांची गुपिते त्यांच्या हस्तांदोलनात शोधण्यापेक्षा १८४५ च्या त्या ऑलिव्हच्या डहाळीत शोधावीत. वसाहतीतील समता किती दूर गेली आणि कुठे थबकली, याचे उत्तर तिथे मिळते.