प्रसादगुण

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या घरी रेडिओवर अरुण दात्यांचे एखादे भावगीत लागले, की सौ.च्या हातातला सोऱ्या थांबतो. चकलीचे एक वेटोळे पुरे झालेले असते, दुसरे अर्धवट लोंबत राहते आणि तेल उगाच तापत राहते. त्या गाण्याशी तिची कोणती आठवण निगडित आहे, हे मी वीस वर्षांत विचारलेले नाही. काही गोष्टी विचारू नयेत, एवढे शहाणपण संसाराने मला शिकवले आहे.

माझे तसे गाणे म्हणजे 'गीतरामायण'. एक नव्हे, चांगली 56 गाणी. पण त्यातले कोणतेही कानावर आले, की मला आधी माझे वडील आठवतात आणि त्यांच्या पाठोपाठ माझेच एक वाक्य आठवते. ते मी बोललो नसतो, तर बरे झाले असते.

1955 सालच्या रामनवमीला, 1 एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. आमचे अण्णा तेव्हा आठ वर्षांचे. वाड्यात रेडिओ एकच, तोही पुढच्या बिऱ्हाडात. गीताच्या वेळी सारा वाडा त्या ओटीवर जमायचा. कोणी रेडिओला हार घालायचे, कोणी उदबत्ती लावायचे. अण्णांच्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण घरी परतल्यावर तो अख्खा प्रसंग ती चुलीपुढे बसून पुन्हा सांगायची. अण्णा ही हकिकत सांगत, तेव्हा शेवटी एक वाक्य हटकून यायचे, "तिला एक शब्द कुणाला विचारावा लागला नाही, बघ!"

पुढे अण्णा कारकून झाले. मी सातएक वर्षांचा असताना त्यांनी हप्त्याने एक टेपरेकॉर्डर घेतला. रेडिओवर गीतरामायण पुन्हा लागले, की ते टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवायचे, खोलीचे दार लोटून घ्यायचे आणि आम्हा सर्वांना गप्प बसवायचे. आईने तेवढ्या वेळात भांडेही वाजवायचे नाही. कॅसेटवर कोणते गीत कोणाच्या तोंडी आहे, हे ते बारीक, वळणदार अक्षरात लिहून ठेवायचे.

मी एम.ए.ला गेलो आणि मर्ढेकर वाचू लागलो. त्या वयात माणूस एक कवी वाचतो आणि दहा कवी निकालात काढतो! एका रविवारी अण्णा कॅसेट ऐकत बसले होते. पुस्तकातून डोके वर न काढता मी म्हणालो, "अण्णा, ही नुसती यमकं जुळवलेली आहेत. याला कविता म्हणत नाहीत."

अण्णा रागावले नाहीत. "असेल," एवढेच म्हणाले. पण त्या दिवसापासून मी घरात शिरलो, की टेपरेकॉर्डरचा आवाज कमी व्हायचा. पुढे पुढे तो माझ्यासमोर लागेनासाच झाला.

पुढे मी प्राध्यापक झालो. दरवर्षी वर्गात काव्यगुण शिकवू लागलो, ओज, माधुर्य आणि प्रसाद. वाळलेल्या लाकडात अग्नी चटकन पसरावा, तसा ज्या काव्याचा अर्थ मनात पसरतो, त्यात प्रसादगुण असतो. मम्मटाचा हा दाखला मी मोठ्या रुबाबात देत असे. एकदा तो देता देताच मला चुलीपुढची ती पणजी आठवली आणि मी वाक्य अर्धवट सोडले. रेडिओ ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. शब्द कानावर पडला, की तिथेच उमगला पाहिजे. कौसल्या, भरत, शूर्पणखा, सीता, प्रत्येकाचे मन निराळे. ते दर आठवड्याला नव्या गीतात मांडायचे, आणि निरक्षर म्हातारीला एकही शब्द विचारावा लागू नये! जे मी मम्मटाच्या आधाराने शिकवत होतो, ते अण्णा मला आजीच्या आधाराने सांगत होते.

हे त्यांना सांगायचे मनात होते. पण बापाजवळ चूक कबूल करायला मुलाला नेहमी पुढची सुट्टी सोयीची वाटते. अण्णा गेले, तेव्हा ते सांगायचे राहूनच गेले.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावर त्या कॅसेट सापडल्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस शोधायलाच आठवडा गेला. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आणि फराळ उरकल्यावर, मी पहिली कॅसेट लावली. आवाज घोगरा झाला होता, मधूनमधून खरखर होती. मी शब्दांकडे कान देऊन ऐकत होतो. तेवढ्यात आमची कन्या म्हणाली, "बाबा, हे मागे कोण गातंय?"

मी पुन्हा ऐकले. फडक्यांच्या सुरामागे आणखी एक आवाज होता. हलका, थोडा बेसूर, पण शब्दाला पक्का. सगळ्या घराला गप्प बसवून अण्णा स्वतः मात्र गुणगुणत होते. चारचौघांत ते कधी गायले नाहीत. मी त्यांना गाताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

"तुझे आजोबा," मी म्हणालो.

आतून सौ. म्हणाली, "अहो, सगळी चाळ जागी होईल. आवाज जरा कमी करा."

मी केला नाही.